पी त्रेपन्न, आमचे जावई

माझं लग्न झालं नाही, पण आईला जावई होता. त्याचं नाव पी त्रेपन्न. मी प्रयोगशाळेतून घरी आले की चप्पल काढायच्या आत ती विचारायची, "काय म्हणतात आमचे जावई?" जावयाला अहोजाहो, आणि दिवसभर त्याच्यामागे खपणाऱ्या मला अगंतुगं. आता न झालेल्या लग्नाची एवढी बूज राखणारी सासू मिळाली, म्हणजे पी त्रेपन्नचं नशीबच म्हणायचं.

सगळं जग त्याला पी फिफ्टी-थ्री म्हणतं. आईला ते मान्य नव्हतं. बालीगंजच्या एका मुलींच्या शाळेत तिने आयुष्यभर इंग्रजीतून गणित शिकवलं आणि मुलींना बंगालीतून दटावलं, पण घरात आकडे मराठीतच बोलायचे हा तिचा कायदा होता. आमचं घराणं इथलंच, कोलकात्यातच जन्मलेलं आणि वाढलेलं. पुण्याला गेलं की लोक आमच्या मराठीचं कौतुक करतात, जसं पाहुण्यांच्या लहान मुलाचं करतात तसं. त्यामुळे भाषेच्या बाबतीत आई फार कडक.

पी त्रेपन्न म्हणजे माणसाच्या पेशीतलं एक प्रथिन. पेशीतला डीएनए कुठे तुटला-फाटला तर ते पेशीला सांगतं, थांब, आधी दुरुस्ती कर, मग दोन हो. दुरुस्ती होण्यातली नसेल तर पेशीला सरळ मरायला लावतं. बिघडलेल्या पेशीने वाढत जाऊन गाठ होऊ नये, हे बघणं त्याचं काम. मी हे आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शिस्तीचा दिसतो. स्थळ चांगलं आहे." तिथून तो जावई झाला.

"त्रेपन्न का पण?" तिने विचारलं होतं.

मी सांगितलं, की पहिल्यांदा सापडलं तेव्हा त्याचं वजन, रेणू मोजतात त्या डाल्टनच्या मापात, त्रेपन्न हजारांच्या आसपास भरलं, म्हणून त्रेपन्न. पुढे कळलं, की ते मोजण्याच्या पद्धतीमुळे जास्त दिसत होतं. खरं वजन चव्वेचाळीस हजारांच्या जवळ आहे.

"मग दुरुस्त का नाही केलं?"

"सवय झाली सगळ्यांना."

"सवय झाली म्हणून चुकीचं उत्तर फळ्यावर तसंच ठेवायचं? माझ्या वर्गात असते तर ओणवं उभं केलं असतं तुमच्या शास्त्रज्ञांना."

त्यानंतर कितीतरी दिवस ती त्याला पी चव्वेचाळीस म्हणायचा हट्ट करत होती. मग तिलाही सवय झाली.

दोन वर्षांमागे आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात माझं व्याख्यान ठेवलं. विषय, कॅन्सर आणि आपण. वेळ, महाप्रसादाच्या आधी. ज्यांनी कुणी असं व्याख्यान दिलंय त्यांना पुढचं सांगायला नको. समोर अर्धे लोक आमच्यासारखे इथलेच, ज्यांची मुलं मराठी बोलतात ती पाढे म्हटल्यासारखी. उरलेले अर्धे बदलीवर आलेले, बँकेतले आणि सरकारी कंपन्यांतले, ज्यांचं मराठी फर्डं असतं आणि लक्ष पुण्याच्या बदलीकडे. मागून मसालेभाताचा वास येत होता. मी हुशारी केली आणि सुरुवात बागबाजारहून केली. म्हटलं, बंगालवर मराठ्यांच्या स्वाऱ्या होत होत्या तेव्हा आपल्याला अडवायला या शहराने तिथून खंदक खणायला घेतला होता. खंदक काही पुरा झाला नाही आणि मराठे काही त्याच्यापर्यंत आले नाहीत. आले ते पुढे कधीतरी, हातात बदलीची ऑर्डर घेऊन, हावड्याला उतरून. लोक हसले. मग म्हटलं, पेशीलासुद्धा असा बंदोबस्त लागतो. पी त्रेपन्न हा पेशीचा दरवान. दरवान जागा, तर बिल्डिंग सुरक्षित.

एका काकांनी विचारलं, "मग हा दरवान वाढवायला काय खायचं?"

मी म्हटलं, "असं काही खाऊन वाढत नाही काका." आणि टाळीच्या मोहाने पुढे जोडलं, "पण असेल तितका बरा."

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आई बसली होती, पाचवारी नेसून, मुलगी पसंत पडलेल्या आईसारखी इकडेतिकडे बघत. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

आता 'असेल तितका बरा' हे वाक्य किती खोटं होतं ते माझ्याइतकं या शहरात थोड्याच लोकांना माहीत असेल. आमच्या प्रयोगशाळेत नवीन आलेला प्रत्येक विद्यार्थी एकच चूक करतो. त्याला मी निरोगी पेशी देते. म्हणते, यातली प्रथिनं काढ, जेलमधून पळव, आणि त्यातलं पी त्रेपन्न दाखव. जेलीसारख्या त्या थरात प्रथिनं वजनाप्रमाणे वेगवेगळी होतात, आणि हवं ते प्रथिन शेवटी फिल्मवर काळ्या पट्ट्यासारखं दिसतं. प्रथिन जितकं जास्त, पट्टा तितका काळा. पोरगं सकाळी सियालदहला गर्दीतून उतरून येतं, जीव लावून सगळं करतं, आणि पट्टा दिसतो न दिसतो असा येतो. ते तोंड पाडून म्हणतं, मॅडम, प्रयोग फसला. मग मी त्याला कॅन्सरच्या काही विशिष्ट पेशी देते. त्यात पट्टा येतो कोळशासारखा काळाकुट्ट. पोरगं खूश. मॅडम, या वेळी भरपूर आलं. मी चहा घेत म्हणते, बाळा, फसलेला आहे तो हा. पहिला बरोबर होता.

निरोगी पेशीत पी त्रेपन्न नावापुरतंच असतं. आणि काठोकाठ भरलेलं दिसलं तर बहुतेक वेळा ते बिघडलेलं असतं. विद्यार्थ्यांना हे मी एवढ्या वेळा सांगितलंय की झोपेतही सांगेन. मंडळात मात्र नाही सांगितलं. लोकांना मसालेभाताचं पडलं होतं आणि मला टाळ्यांचं.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडावर आईचं पोट फुगायला लागलं. तिने आधी संदेश मिठाईला दोष दिला, मग मोहरीच्या तेलाला, मग वयाला. ओवा खाल्ला, हिंग लावलं. मी, कॅन्सरवर पोट भरणारी बाई, तिला गॅसची गोळी आणून देत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. साडीच्या निऱ्या पुरेनाशा झाल्या तेव्हा कुठे तपासण्या झाल्या. गाठ अंडाशयाची निघाली. बायपास रस्त्याजवळच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. आईला सांगितलं, गाठ वाईट होती, काढली आहे, आता पुढचे उपचार बघू. तिने ऐकून घेतलं. रडली-बिडली नाही. टाके किती आहेत ते विचारलं आणि मोजून घेतले.

गाठीचा तपासणी अहवाल आईच्याच फोनवर आला, कारण हॉस्पिटलात नंबर तिने स्वतःचा दिला होता. "आजारी मी, आणि रिपोर्ट तुझ्याकडे का म्हणून?" मी प्रयोगशाळेत होते. फोन वाजला.

"अगं, जावई धावून आले," आई म्हणाली.

"काय?"

"रिपोर्ट आलाय. बाकीचं अगडबंब इंग्रजी जाऊ दे. खाली लिहिलंय, पी फिफ्टी-थ्री, स्ट्राँग, डिफ्यूज, पॉझिटिव्ह. म्हणजे भरपूर आहे, सगळीकडे पसरलेला आहे, आणि पॉझिटिव्ह आहे. अजून काय पाहिजे?"

मी समोरच्या स्टुलावर बसले. त्या तीन शब्दांचा अर्थ कळायला मला काही वाचावं लागणार नव्हतं. तिच्या गाठीतल्या प्रत्येक पेशीत बिघडलेलं पी त्रेपन्न ठासून भरलं होतं. मी म्हणाले, "मी घरी आले की बघते."

"बघ, बघ. पण मी तोवर संदेश मागवलेत."

संध्याकाळी मी पोचले तेव्हा वाटप सुरू झालं होतं. पेढे इथे धड मिळत नाहीत, म्हणून खजुराच्या गुळाचे संदेश. खाली दरवानाला दिले, शेजाऱ्यांना दिले, वरच्या मजल्यावर दिले. आईला अजून फार चालवत नव्हतं, म्हणून ताट धरून तिच्यामागे मी. प्रत्येक दारात ती सांगत होती, माझ्या मुलीचं प्रथिन माझ्यात भरपूर निघालं. लोक माझ्याकडे बघून अभिनंदन करत होते. लिफ्टमध्ये एक गृहस्थ मला म्हणाले, हे म्हणजे तुमच्या कष्टांचं फळ. मी थँक यू म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्यांच्या तोंडात संदेश होता.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी बँकेतल्या साहेबांच्या मिसेस. बदली होऊन आलेल्या, मनाने लोण्यासारख्या आणि मोबाइलवर सतत काहीतरी वाचणाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्या सांगलीच्या हळदीची बरणी घेऊन आल्या. "ताई, मी वाचलंय, हळदीने पी फिफ्टी-थ्री अजून वाढतं. मावशींना रोज दुधातून द्या. घरची आहे, भेसळ नाही." पी हळद नि हो गोरी, हे आपल्याकडे उगाच नाही म्हणत. पण त्या एवढ्या प्रेमाने घेऊन आल्या होत्या की मी बरणी घेतली आणि आई दोन्ही वेळा हळदीचं दूध प्यायला लागली. मिशीला पिवळा काठ येईपर्यंत.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण डॉक्टरांनी केमो सुचवली, आणि आईने नाही म्हटलं.

"गाठ काढली ना तुम्ही? आणि आत पहारा एवढा कडक आहे. मग ते विष कशासाठी?"

तिच्या शाळेतली एक मैत्रीण केमोत गेली होती. आई रोज तिला भेटायला जायची. केस गेले, चव गेली, शेवटी ती ओळखही देईना. आईने तेव्हाच ठरवलं होतं, की हे आपण करून घ्यायचं नाही. आता तिला त्यासाठी शास्त्राचा आधार मिळाला होता, तोही स्वतःच्या मुलीकडून, गणपतीसमोर, टाळ्यांच्या गजरात.

डॉक्टर तरुण होते, बंगाली, फार गोड बोलणारे. आईला माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचे. त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "दिदी, पी फिफ्टी-थ्रीबद्दल मी तुम्हाला काय सांगणार? विद्यार्थी असताना तुमचं लेक्चर ऐकलंय मी. माशीमा माझं ऐकत नाहीत, तुमचा दाखला देतात. तुम्हीच समजवा. पण फार दिवस घालवू नका. जे मागे राहिलं असेल ते थांबून राहणार नाही."

"आणि नाहीच घेतली तर?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला. चष्मा पुसला. माशीमांची भूक कशी आहे, ते विचारलं.

आता माणसाने घरी जावं आणि सरळ सांगावं. मी काय केलं? मी उपमा दिली. म्हटलं, आई, तुझ्या पेशींतला दरवान आहे, पण झोपलाय.

"मग उठवा की. हळद त्यासाठीच घेतेय."

दोन दिवसांनी दुसरी उपमा. म्हटलं, समज दरवानच चोरांना सामील झाला. कुंपणच शेत खायला लागलं, तर?

"काहीतरीच. आपला तसा नाही." आणि वर माझ्यावरच नाराज झाली. स्वतःच्या कामावर तुझा विश्वास कसा नाही म्हणाली. एवढी वर्षं ज्याच्या जिवावर पगार घेतलास त्याला चोर म्हणतेस?

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. राग आला होता, सगळ्यांचा. डॉक्टरांच्या गोड बोलण्याचा, वहिनींच्या हळदीचा, आणि दरवान हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला त्याचा. तो कोण हे मला माहीत होतं. दिवस जात होते, आई दूध पीत होती, आणि तिला जगवायचं असेल तर तिचा जावई मला तिच्या डोळ्यांदेखत मारावा लागणार होता.

रविवारी सकाळी आई बाल्कनीत उन्हाला बसून मटार सोलत होती. मी तिच्यासमोर मोडा, म्हणजे वेताचं बुटकं स्टूल, घेऊन बसले आणि पुन्हा सुरू केलं, "आई, असं बघ, समज एक बिल्डिंग आहे."

तिने शेंग खाली ठेवली. "बिल्डिंग नको. दरवान नको. मी मंडळातली बाई नाही. काय आहे ते सरळ सांग. माझ्या मुलींना मी भूमिती शिकवताना गोष्टी सांगायचे का?"

मी मोडा पुढे ओढला. मग म्हटलं, "बरं. एक अ आहे आणि एक ब आहे. अ म्हणजे पी त्रेपन्न. ब म्हणजे एमडीएम दोन नावाचं दुसरं प्रथिन."

"हे कोण? एवढ्या वर्षांत नाव ऐकलं नाही."

"माझं खरं काम त्याच्यावरच आहे."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू जावयात खूश होतीस."

"पुढे."

"अ हाच ब तयार करायला लावतो. ब तयार झाला की तो अ-ला धरतो, त्याच्यावर खूण करतो, आणि पेशी त्या अ-चे तुकडे करून टाकते."

आईने मटारांच्या खालचा कागद ओढला आणि माझ्या खिशातलं पेन घेतलं. "म्हणजे अ वाढला की ब वाढणार. ब वाढला की अ कमी होणार. अ कमी झाला की मग ब-ही कमी होणार." ती लिहीत होती. "मग दोघे खालीच राहतील. वर गेले तरी परत येतील."

"निरोगी पेशीत तसंच असतं. अ दिसतसुद्धा नाही, इतका कमी. कारण तो जालीम आहे. मोकाट सोडला तर चांगल्या पेशींनाही मारेल."

"स्वतःला आवरणारा स्वतःच तयार करतो. बरं आहे." तिला ते आवडलेलं दिसलं. "आणि गरज लागली की?"

"डीएनए तुटला की दुसरी प्रथिनं येऊन अ-वर फॉस्फेट चिकटवतात. मग ब-ला तो नीट धरता येत नाही. तेवढ्यापुरता अ वाढतो, काम करतो. काम झालं की ब त्याला परत खाली आणतो."

"तेवढ्यापुरता," आई म्हणाली.

तिचं पेन थांबलं. खालून भाजीवाला ओरडत गेला.  मला बोलता आलं असतं, पण आई फळ्यासमोर उभी असताना मध्ये बोलायचं नसतं, हे मी लहानपणीच शिकले होते.

"माझ्या रिपोर्टात अ भरपूर आहे."

"हो."

"सगळीकडे आहे. तेवढ्यापुरता असता तर एका पेशीत जास्त, दुसरीत कमी, असा दिसला असता. सगळीकडे सारखा आहे म्हणजे तो उतरतच नाहीये."

"हो."

"उतरत नाही म्हणजे ब नाही. किंवा असून पुरत नाही." तिने कागदावर खाली एक ओळ लिहिली. "ब का नाही? ब तयार करणं अ-चं काम. म्हणजे अ ते काम करत नाहीये. अ-ला कामच करता येत नाहीये." मग तिने पुढे तीन टिंबं काढली, भूमितीत 'म्हणून' लिहायला काढतात तशी, आणि त्यांच्यापुढे काही लिहिलं नाही. कागद उलटा फिरवला, खालून वर वाचत गेली. ती मुलींना नेहमी सांगायची, उत्तर आलं की उलट जाऊन ताळा करा.

"उलटून पाहिलं तरी तेच येतंय," ती म्हणाली. "नुसता साठलाय. बिघडलेला."

मी मान हलवली.

"कसा बिघडला?"

"त्याच्या जनुकात चूक झाली. कधीतरी, एका पेशीत. तुझं काही चुकलं नाही."

"ते मी विचारलं नाही." मग पेनचं टोपण लावत, "तुम्हाला तरी हे पहिल्यापासून कळलं होतं का?"

"नाही. सुरुवातीला कितीतरी वर्षं शास्त्रज्ञांना वाटत होतं, की हे प्रथिनच कॅन्सर करतं. कारण त्यांच्या हाती जे आलं होतं ते बिघडलेलं होतं. त्यांनी बिघडलेल्यावरून चांगल्याची परीक्षा केली. आपण दोघींनी, मी व्याख्यानात आणि तू रिपोर्ट वाचताना, चांगल्यावरून बिघडलेल्याची केली."

"मग ठीक आहे. मी एकटी ढ नाही." तिने कागद सरळ करून परत मटारांच्या शेजारी ठेवला. "तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"तू फोन केलास तेव्हापासून."

"आणि मी घरोघर सांगत फिरले, तेव्हा तू ताट घेऊन मागे उभी होतीस."

"हो."

"मूर्ख," आई म्हणाली. कुणाला ते सांगितलं नाही. मी ते स्वतःकडे घेतलं.

आम्ही दोघी मटार सोलत बसलो. टोपलीत दाणे कमी आणि सालं जास्त पडत होती. मग तिने मला तो प्रश्न विचारला, ज्याची मला रिपोर्टपेक्षा जास्त भीती वाटत होती.

"तुझं ते औषध? ज्याच्यामागे तू वीस-बावीस वर्षं आहेस?"

आमची प्रयोगशाळा असे रेणू शोधते, जे एमडीएम दोनच्या खोबणीत जाऊन बसतात. ज्या खोबणीत तो पी त्रेपन्नला पकडतो ना, तिथेच. खोबण भरली की त्याला पी त्रेपन्न धरता येत नाही, आणि मोकळं झालेलं पी त्रेपन्न गाठीच्या पेशींना मारतं. असा आमचा एक रेणू बरा चालला होता. आईला तेवढंच ठाऊक होतं, की मुलगी कॅन्सरवर औषध शोधतेय.

"ते ब-ची पकड सोडवतं," मी म्हणाले. "अ-ला मोकळं करतं. पण तुझा अ..."

"मोकळाच आहे."

"हो."

"म्हणजे मला उपयोग नाही."

"नाही, आई."

"अजिबात?"

"अजिबात नाही. ज्यांचा अ शाबूत आहे आणि ब फार झालाय, त्यांनाच होईल. झाला तर."

"मग एवढी वर्षं हे तू कुणासाठी करत होतीस?"

तिने टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. "दुसऱ्या कुणाच्या तरी आईसाठी," मी म्हणाले, आणि तिच्यासमोर, मटारांवर वाकून, लहान मुलीसारखी रडले. किती दिवाळ्या मी घरी नव्हते, तिच्या वाढदिवशीसुद्धा पेशींना खाऊ घालायला गेले होते, आणि त्यातलं एक सेकंददेखील तिच्या कामाचं नव्हतं. तिने मला थोपटलं नाही. टोपली तेवढी बाजूला घेतली, डोळ्यांतलं पाणी दाण्यांवर पडू नये म्हणून.

मी नाक पुसेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "डॉक्टरांचं ते विष. त्याला अ लागतो?"

"त्याच्याशिवायही चालतं. डीएनए एवढा मोडून टाकतं की त्या पेशींना सावरता येत नाही. पुष्कळांना चांगला गुण येतो."

"पुष्कळांना. म्हणजे सगळ्यांना नाही."

"नाही."

"केस जातील."

"जातील. परत येतील."

"ते कुणी शोधलं?"

"किती तरी लोकांनी, आई. एकाने सुरू केलं, दुसऱ्याने मात्रा ठरवली, तिसऱ्याने उलट्या कशा थांबवायच्या ते पाहिलं. सगळ्यांची नावं मलाही माहीत नाहीत."

"त्यात बायका असतील?"

"असतीलच."

आईने शेवटची शेंग सोलली. सालं पदरातून झटकून कागदावर घेतली, तिची ती अ-ब मांडणी त्यांच्याखाली दिसेनाशी झाली. 

"तिच्या आईला नसेल झाला उपयोग," ती म्हणाली. "ते विष शोधणाऱ्यांतल्या एखादीच्या. तीही अशीच रडली असेल."

मी टोपली माझ्याकडे ओढली.

"डॉक्टरांना फोन लाव," आई म्हणाली. "कधी येऊ विचार."

मी फोन लावला.